ह्यांच्या तोंडी छाया निखाडे

आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी रडले नाही. दवाखाना, सलाइन, लुळा पडलेला उजवा हात, बंद झालेली वाचा, सगळं निमूट निभावलं. तीन महिन्यांनी ते पुन्हा बोलले त्या दिवशी मात्र ढसाढसा रडले. आणि दुसऱ्या दिवशी चष्मा लावून त्या बोलक्या यंत्राचा मेला पडदा वाचला, तेव्हा अंगाचा असा तिळपापड झाला म्हणता!

मी त्रिशला चौगुले, राहणार सांगली, विश्रामबाग. बत्तीस वर्षं बालवाडी चालवली, म्हणजे बत्तीस वर्षं अखंड बडबडले. लिहिण्याचा मला पहिल्यापासून कंटाळा. वाणसामानाची यादीसुद्धा मी दुकानदाराला तोंडी सांगते. हे, म्हणजे सन्मती चौगुले, माझ्या अगदी उलट. पाटबंधारे खात्यात नोकरी, घरात मोजूनमापून बोलणं, आणि काय लिहायचं असेल ते इंटरनेटवरच्या 'किक-क्लच कट्ट्या'वर. जुन्या पेट्रोलच्या स्कूटरी पाळणाऱ्यांचा हा कट्टा. रस्त्यावरून त्या गाड्या कधीच हद्दपार झाल्या, पण ह्या मंडळींचा जीव काही त्यांतून निघाला नाही. एकोणीस वर्षं रोज दुपारचा चहा पीत हे कुणाच्या ना कुणाच्या कार्बोरेटरला उत्तर देत बसायचे. मी म्हणायची, "माझ्या एका प्रश्नाचं असं सविस्तर उत्तर द्याल तर शपथ!"

बोलपट्टी आणली रुबिना मुजावरनं. ही मिरजेची पोरगी वाचा गेलेल्या पेशंटांना बोलतं करते. पट्टी म्हणजे कपाळाला बांधायची मऊ रबरी फीत, तिला जोडलेला हातभर पडदा आणि छोटा स्पीकर.

"काकू, बोलण्यात दोन कामं असतात," तिनं मला समजावलं. "ऐकलेलं समजणं, आणि आपलं वाक्य जुळवणं. काकांच्या मेंदूतला जुळवणारा भाग गेलाय. समजणारा शाबूत आहे. काय म्हणायचंय ते त्यांना पक्कं माहीत असतं, शब्द तेवढे हाती लागत नाहीत. पण हवं ते वाक्य डोळ्यांपुढे आलं की मेंदू ते ओळखतो. अर्ध्या सेकंदाच्या आत तिथे विजेची एक बारीकशी लाट उठते, 'हेच ते' अशी. ही पट्टी ती लाट टिपते."

"आणि वाक्यं कुठून आणायची?"

"त्यांनी स्वतः जे लिहिलंय त्यातून. प्रत्येकाची बोलायची एक ढब असते ना! काकांच्या नावावर कट्ट्यावर एकोणीस वर्षांचा मजकूर आहे. तो सगळा भरलाय मी यात."

पडद्यावर वाक्यं भराभरा फिरायची. एखादं ह्यांच्या मनाच्या जवळपास आलं की लाट वाढायची, लांब गेलं की बसायची. बालवाडीत मी वस्तू लपवायची आणि मुलं शोधायची, तेव्हा 'जवळ आलास, लांब गेलास' करायचो, तसंच. शेवटी एक वाक्य थांबायचं आणि स्पीकर ते बोलायचा. आवाज ह्यांचाच, जुन्या व्हिडिओंवरून घडवलेला.

रुबिनानं एक गोष्ट मला दोनदा बजावली. झटक्यानंतरचे पहिले आठ महिने मेंदू नव्या वाटा पाडत असतो. ही लाट रोज उठत राहिली तर पुष्कळांची स्वतःची जीभसुद्धा सुटते, पट्टीशिवाय. पण पेशंटनं प्रयत्न सोडला की वाटा बुजतात. मग कुणी काही करू शकत नाही.

पहिल्या दिवशी खिडकीतून ऊन आत आलं होतं. वाक्यं फिरली, थांबली, आणि ह्यांच्या आवाजात आलं, "ऊन छान पडलंय. जरा शेजारी येऊन बस ना."

चौतीस वर्षांच्या संसारात हा माणूस मला 'शेजारी येऊन बस' म्हणाला नव्हता. लग्नात गुरुजींनी बसवलं तेवढंच. मी पदर तोंडाला लावून रडले. रुबिनाही डोळे पुसत होती.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत आम्ही जेवतो तेव्हा, आमटीचा भुरका मारून म्हणाले, "एकटीला जेवण जात नाही." एकटीला! मी हसले. यंत्र आहे, चुकायचंच, असं म्हटलं आणि अजून एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी पडद्यावरची धूळ पुसायला म्हणून चष्मा लावला. 'शेजारी येऊन बस ना' हे वाक्य अजून तिथेच होतं. त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मूळ: छाया निखाडे, भंडारा. सन्मती चौगुले यांनी कोट केलेलं.'

कोण ही छाया?

मग मी चष्मा काढलाच नाही. दिवसभर ह्यांच्या समोर बसून प्रत्येक वाक्याखालची मुंगी वाचली. भूक लागली की 'टाकी रिकामी झाली', संडासला जायचं असलं की 'जुनं ऑइल आधी काढून टाका', हे सगळं ह्यांचं स्वतःचं. पण जरा मायेचं, जरा मनातलं काही आलं रे आलं, की खाली छाया निखाडे. 'आज बरं वाटतंय', छाया निखाडे. 'तुझ्या हातचा चहा तो चहा', छाया निखाडे. माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर, माझ्या नवऱ्याच्या तोंडी ही बाई येऊन बसली होती, आणि मी तिला भाकरी वाढत होते!

दुपारी मी ह्यांचा कट्टा उघडला. लिहीत नसले तरी वाचता येतं मला. तिथला एक नियम वरच ठळक लिहिलेला: 'उत्तर देताना समोरच्याचं अख्खं लिखाण कोट करू नये. हवी ती ओळ ठेवावी, बाकी छाटावं.' हे नियमाला पक्के. इतरांच्या पानभर रडगाण्यातून एक ओळ उचलायचे, 'क्लच वायर तुटली', आणि खाली उत्तर. नुसती छाटणी. पण छाया निखाडेचं आलं की पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत सगळं कोट. खाली ह्यांचं उत्तर दोन ओळींचं, 'केबलला ग्रीस लावा' वगैरे. एक नाही, दोन नाही, एकशे एकोणनव्वद वेळा. मी मोजले.

तिचं एक लिखाण वाचायला घेतलं. 'आज पहिल्या किकला सुरू झाली' असं सुरू झालं आणि चौथ्या ओळीत 'ये ना, बस ना' आलं. तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं वाचलं नाही, बाकीची तर उघडलीसुद्धा नाहीत. काय कळायचं ते कळलं होतं.

ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "कोण ही छाया निखाडे?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. वाक्यं फिरायला लागली. बराच वेळ फिरली.

"तुला सांगायचं राहूनच गेलं," स्पीकर म्हणाला. खाली परत तिचंच नाव!

"मग सांगा ना आता!"

पुन्हा फिरली. "सायलेन्सरमध्ये कचरा अडकला असेल तर जोर करू नये." हे मात्र स्वतःचं.

मी रुबिनाला फोन केला. म्हटलं, कोट केलेला मजकूर काढून टाकायचा, ह्यांचं स्वतःचं तेवढंच ठेवायचं. खरं कारण कोण सांगतंय! "बायकी बोलणं येतं गं तोंडातून, 'एकटीला' आणि काय काय. त्यांना लाज वाटते," अशी थाप मारली.

रुबिना म्हणाली, "चूक माझीच आहे, काकू. भरताना त्यांचं कुठलं आणि कोट केलेलं कुठलं, ते वेगळं करायला हवं होतं. पण काढलं तर निम्मा साठा जाईल. पाचच महिने उरलेत. काकांना विचारलंत का?"

"विचारलं," मी म्हटलं. दुसरी थाप.

जवळच्या नातेवाइकाची संमती म्हणून तिनं मला एक फॉर्म पाठवला. मी अंगठा टेकवला. पाच मिनिटांत छाया निखाडे माझ्या घरातून गेली. मला काय गार वाटलं म्हणून सांगू!

त्या संध्याकाळी जेवताना हे माझ्याकडे बघून हसले. काहीतरी म्हणायचं होतं. पडदा फिरला, फिरला, आणि स्पीकर म्हणाला, "प्लगमधला गॅप तपासा." ह्यांनी मान हलवली. परत. "प्लगमधला गॅप तपासा." परत. "गाडी स्टँडवर लावून मग बघा." डाव्या हातानं त्यांनी पट्टीवर एक चापट मारली, मग दुसरी. भाकरी तशीच राहिली.

आठवडाभर असं चाललं. भूक, तहान, संडास, सगळं व्यवस्थित. बाकी काही म्हणायला गेले की कार्बोरेटर. नवव्या दिवशी त्यांनी पट्टी काढून वर्तमानपत्राखाली सरकवली. मी बांधायला गेले तर हात झटकला. मग स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं आणि हाताचा पंजा उघडून दाखवला. गेलं, असं. संपलं.

त्यांना वाटत होतं, आपलं डोकंच गेलं.

आणि मी? मी ताटं उचलली. सांगायला हवं होतं, तोंड होतं, जीभ होती, बत्तीस वर्षांची सवय होती. सांगितलं नाही. चार दिवस, आठ दिवस, असे तीन आठवडे गेले. मनात एकच, हिच्या वाक्यांशिवाय ह्यांना माझ्याशी बोलावंसं वाटत नाही ना? मग नकोच.

रुबिना तपासायला आली. तिनं लाटांचा आलेख काढला आणि बघतच राहिली. "काकू, हे उतरत चाललंय. असा महिना गेला तर पुढे काही हाती लागणार नाही. नवा झटका तर नाही ना आला?"

ह्यांनी पुन्हा तोच पंजा उघडून दाखवला. मला तिथे उभं राहवेना. रुबिनाला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि सगळं ओकून टाकलं.

पोरगी शिकलेली, गोड बोलणारी. पण त्या दिवशी म्हणाली, "काकू, तुम्ही त्यांच्या तोंडावर उशी ठेवलीत." मी ऐकून घेतलं. बरोबरच होतं.

"परत भर ते सगळं," मी म्हटलं. "येऊ दे त्या बाईला."

"तसं नाही होत आता. एकदा मजकूर दुसऱ्याचा म्हणून वेगळा काढला की मालकाच्या परवानगीशिवाय भरता येत नाही. लिहिणाऱ्यानं जे कट्ट्यावर अजून ठेवलंय ते नावासकट घेता येतं. पण छायाबाईंनी आपलं मूळ लिखाण पुसून टाकलंय, सगळंच्या सगळं. फक्त काकांच्या कोटात राहिलंय. त्यांना विचारावं लागेल." तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कट्ट्याच्या व्यवस्थापकांकडून नंबर मिळवला. फोन उचलला एका खणखणीत आवाजानं.

"हो, मीच छाया. तुम्ही कोण बोलून राहिल्या?"

"सन्मती चौगुल्यांची बायको," मी म्हटलं. बायको शब्दावर जरा जोर दिला, खोटं कशाला बोलू. मग झटक्याचं, पट्टीचं, कोटाचं, मी केलेल्या पराक्रमाचं सगळं सांगितलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "स्कूटर माझ्या माणसाची हो. सात वर्षं झाली त्याला जाऊन. ती सुरू ठेवाची म्हणून मी कट्ट्यावर आली. लिहायला बसली की सुरुवात गाडीची व्हायची, अन् मग मी त्याच्याशीच बोलत बसायची. सकाळी वाचलं की लाज वाटे. लोक हसतील म्हणून पुसून टाके. तर तुमच्या मिस्टरांनी अख्खं कोट करून ठेवलेलं! मी भांडली त्यांच्याशी. म्हटलं, छाटायचा नियम आहे ना? तर म्हणे, 'बाई, आज पुसताय, उद्या शोधत याल.'"

"मग? आलात शोधत?"

"दर वर्षी येतो. त्याच्या तिथीला. दुसरीकडे कुठं राहिलंय ते?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. एकशे एकोणनव्वद वेळा मोजलं होतं मी, एकदाही शेवटपर्यंत वाचलं नव्हतं.

"तर परवानगी द्याल ना?" मी विचारलं.

"काय काय म्हणत होते ते?"

"शेजारी येऊन बस ना, म्हणाले. तुझ्या हातचा चहा तो चहा, म्हणाले."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाही देत," ती म्हणाली. "राग येऊ द्या, बाई. गाडीचं सगळं घ्या. पण ते नाही. मी ते रिकाम्या खुर्चीकडे बघून लिहिलंय. माझा माणूस मला कधीच उत्तर नाही देणार, अन् माझेच शब्द घेऊन तुमचा माणूस तुम्हाला जवळ बोलावेल? मला नाही सोसत. तुमचा तर जिवंत आहे ना! पोटात दुखते माझ्या, खरं सांगतो."

तिच्या जागी मी असते तर फोन उचलून आपटला असता.

ठेवता ठेवता तीच म्हणाली, "अन् तुमची तर जीभ शाबूत आहे ना? तुम्ही काहून नाही लिहून राहिल्या?"

माझं लिहिलेलं पट्टीत भरलं तर चालेल का, असं रुबिनाला विचारलं. ती म्हणाली, चालेल, पण काकांनी ते वाचलेलं हवं, वाचलेल्या वाक्यालाच लाट जोरात उठते. म्हणजे ते जिथे रोज वाचतात तिथेच लिहायचं. दुसऱ्या दिवशी मी किक-क्लच कट्ट्याची सभासद झाले. साठाव्या वर्षी, स्कूटरचं चाक कसं काढतात ते माहीत नसताना.

काय लिहायचं? मायेचं लिहायला बसले तर बोटं चालेनात. मी माणूसच तसली नाही. मग जे येतं ते लिहिलं. तुमच्या आईनं माझ्या पहिल्या पुरणपोळीला काय नाव ठेवलं होतं ते. बाहुबलीच्या यात्रेत मला डोंगराच्या पायथ्याशी विसरून तुम्ही कसे वर गेलात ते. तापात दोन रात्री जागलात आणि तिसऱ्या दिवशी 'आता उठायला हरकत नाही' म्हणालात ते. कट्ट्यावरची मंडळी आधी भांबावली. 'ताई, हा स्कूटरचा कट्टा आहे,' एकानं लिहिलं. त्याला मी उत्तर दिलं की ज्या माणसानं तुमचे कार्बोरेटर एकोणीस वर्षं दुरुस्त केले त्याच्या घरचं हे बिघडलेलं आहे, गप वाचा. मग कुणी बोललं नाही.

सकाळ-संध्याकाळ लिहायची आणि ह्यांच्यासमोर पडदा धरायची. पट्टी बांधू देत नव्हते, पण वाचत होते. एकदा नाकातून हसलेसुद्धा. सोळा दिवसांत त्रेचाळीस लेख झाले, रुबिना ते पट्टीत भरत गेली. त्यांतले चाळीस तरी गाऱ्हाणी.

पण मूळ गोष्ट राहिलीच होती. डोकं गेलं, या समजुतीत माणूस बसला होता, आणि ती काढल्याशिवाय तो पट्टी बांधणार नव्हता. एका दुपारी मी समोर पाटावर बसले.

"अहो, तुमचं डोकं ठणठणीत आहे. शब्द गेले नाहीत, मी काढले. तुम्हाला न विचारता. त्या छायाबाईचं नाव दिसलं आणि मी जळले. तुम्ही डोकं दाखवून 'गेलं' म्हणत होतात, तेव्हाही मला माहीत होतं. तीन आठवडे बघत बसले मी."

हे बघत राहिले. चेहऱ्याचा डावा भाग तेवढा हलतो त्यांचा, तोही हलला नाही. मग त्यांनी डाव्या हातानं पट्टीकडे बोट केलं. मी बांधली. गाठ दोनदा सुटली.

वाक्यं फिरायला लागली. कार्बोरेटर गेले, क्लच गेले, ग्रीस गेलं. ह्यांच्या कपाळावर घाम आला. पुसायला गेले तर मान मागे घेतली. पाच मिनिटं तरी झाली असतील. मग पडदा थांबला.

"मला आता काही समजावू नका," स्पीकरमधून ह्यांचा आवाज आला. "मला विचारायचंत तरी. आज माझ्याशी बोलू नका."

खालच्या मुंगीत लिहिलं होतं: 'मूळ: त्रिशला चौगुले, सांगली.'

ओळखलं मी ते. माझं शिवणयंत्र मला न विचारता मोडीत देऊन त्याच्या बदल्यात ह्यांनी स्कूटरचं इंजिन आणलं होतं, त्या भांडणावर लिहिलेलं. त्या दिवशी मी असंच्या असं म्हटलं होतं. शब्द न् शब्द माझा, आणि राग अगदी ह्यांचा स्वतःचा.

"बरं," मी म्हटलं. "नाही बोलत."

उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मागे पडदा अजून फिरत होता.

"जेवायला मात्र हाक मारा."

चौतीस वर्षांत पहिल्यांदाच ह्यांनी मला अहोजाहो केलं. मी वळून बघितलं नाही, बोलायचं नाही असं ठरलं होतं ना. दिवस मावळायला दीड तास होता. मी परात घेतली आणि भाकरीचं पीठ मळायला बसले.